गुळव्याची नात निजेना

जोतीराम गुळव्याला सगळी माळवाडी नाना म्हणायची. माळवाडी म्हणजे सातारा जिल्ह्याचं शेवटचं टोक. कचेरीचं काम निघालं तर साताऱ्याला जाऊन यायला चार दिवस मोडायचे, आणि गूळ विकायचा तर सांगलीची पेठ बैलगाडीने एका रात्रीवर होती. त्यामुळे गावाचे कागद साताऱ्याकडे आणि तोंड सांगलीकडे असा कारभार चालायचा. नानाला कागदाचं काम कधी पडलं नाही. तो गूळ करायचा.

उसाचा रस मोठ्या पसरट काहिलीत आटतो, त्याचा पाक होतो आणि पाकाचा गूळ होतो. तो नेमका कधी झाला हे सांगणारा माणूस म्हणजे गुळव्या. काहील जरा आधी उतरवली तर गूळ मऊ राहतो, ढेप धरत नाही. जरा उशीर झाला तर करपतो. नाना आधी गार पाण्यात हात बुडवायचा, तोच हात उकळत्या पाकात घालून चिमूटभर पाक उचलायचा, परत पाण्यात धरायचा, आणि त्याची बोटांत वळलेली गोळी काहिलीच्या काठावर आपटायचा. कसा आवाज आला की उतरवायची, असं कुणी विचारलं तर म्हणायचा, "आला की कळतंय." चाळीस हंगामांत याहून जास्त विद्या त्याने कुणाला दिली नव्हती. तो "उतरवा" म्हणाला की सहा माणसं काहिलीला हात घालायची. तो म्हणेपर्यंत कुणी जागचं हलायचं नाही, अशी त्यांना सक्त ताकीद होती.

दिवाळी झाली की काहिलीखालच्या चुलाणाची पूजा व्हायची आणि जाळ पेटायचा. तेव्हापासून शिमग्यापर्यंत नाना घरी निजायला जात नसे. रसाने भरलेली एक काहील उकळून, आटून, उतरेपर्यंतच्या कामाला आधण म्हणतात. अशी दोन आधणं दिवसा आणि दोन रात्री निघायची. मधल्या वेळात नाना चुलाणाशेजारी उसाच्या वाळल्या पाचटावर अंग टाकायचा. गुळव्याने हंगामात चुलाण सोडायचं नाही, ही त्याच्या बापाने घालून दिलेली रीत होती. बाप त्याच पाचटावर गेला होता, त्यामुळे या रीतीबद्दल वाद घालायला जागा नव्हती.

दुसरी रीत याहून कडक होती. गुऱ्हाळावर आलेल्या माणसाला रिकाम्या हाताने लावून द्यायचं नाही. रस घे, काकवी घे, गरम गूळ घे, पण घे. माणूस रिकामा गेला की चालू आधणाचा गूळ बसत नाही, असं नानाचं ठाम मत होतं. बेचाळीस साली भूमिगत पोरांना हुडकत पोलिसांची तुकडी रात्री मळ्यात आली. नानाने आधी त्यांना रस पाजला, मग उसाच्या कांडीला गरम गूळ गुंडाळून एकेकाच्या हातात दिला, आणि इथं कुणी आलेलं नाही असं सांगितलं. तुकडी गेल्यावर पाचटाच्या गंजीतून जे चौघे बाहेर आले त्यांनाही तेवढाच गूळ मिळाला. फौजदाराची कांडी मोठी होती, असं चौघांपैकी एकाचं म्हणणं पडलं. नानाने ते मनावर घेतलं नाही. स्वातंत्र्याच्या चळवळीशी त्याचा जो काही संबंध आला तो एवढाच, आणि तोही आधण बिघडू नये म्हणून.

ही हकिकत त्याच्या पुढच्या सालची. नानाची बायको हरणाबाई वारून पाच वर्षं झाली होती. लेक कृष्णात पलटणीत होता आणि पलटण इटलीत होती. इटली हे गाव सांगलीपेक्षा मोठं की लहान यावर घरात बोलणं व्हायचं, पण पत्रात तसं काही लिहिलेलं नसे. घरी सून सुलाबाई आणि तिची चार वर्षांची पोर. आजीमागे जन्मली म्हणून तिचं नाव हरणाच ठेवलं होतं. पावसाळ्यात ती आज्याच्या वाकळेत निजायची. हंगाम सुरू झाला की तिला आईजवळ निजावं लागे. गेल्या हंगामात ती तीन वर्षांची होती, दाराच्या कडीला तिचा हात पोचत नव्हता, म्हणून रडून रडून निजली. यंदा हात पोचला.

जाळ पेटून आठ दिवस झाले असतील. रात्रीचं पहिलं आधण अगदी होत आलं होतं. नानाची नजर पाकावर होती. जाळाच्या उजेडात कुणीतरी येऊन उभं राहिलं एवढं त्याला कडेने दिसलं. त्याने न बघताच सवयीने कांडीला गूळ गुंडाळला आणि हात पुढे केला. कांडी घ्यायला कुणाचा हात वर येईना. नानाने खाली बघितलं तर हरणा. दोन मळे आणि एक विहीर ओलांडून, अनवाणी, एकटी आलेली. तिने दोन्ही हातांनी कांडी घेतली आणि नानाकडे बघत उभी राहिली.

चुलाणात चिपाडाचा जाळ घालायला रहिमान असायचा. नानापेक्षा दहा वर्षांनी लहान, कमी बोलणारा, आणि वीस हंगाम त्याच खड्ड्यात उभं राहून भुवया कायमच्या गमावलेला. त्याने पोरीला खांद्यावर घेतलं आणि घरी पोचवलं. दार सताड उघडं आणि सुलाबाई गाढ झोपलेली. तिला काही पत्ताच नव्हता. दिवसभर फडात उसाच्या मोळ्या बांधणारी बाई ती. पाठ टेकली की तिची गाठ एकदम सकाळशी पडायची. लढाईमुळे रॉकेल रेशनवर होतं, त्यामुळे घरात दिवाही नसायचा. रहिमानने दोन हाका मारल्या, पोरीला तिच्या कुशीत सरकवलं आणि परत आला.

दुसऱ्या रात्री हरणा परत आली. तिसऱ्या रात्रीही.

मग सुलाबाईने उपाय सुरू केले. तिने आपल्या पदराची पोरीच्या परकराशी गाठ मारली. त्या रात्री हरणा नुसत्या झबल्यावर गुऱ्हाळावर आली. परकर घरी पदराला बांधलेला होता आणि सुलाबाई त्याला थोपटत होती, असं रहिमानने येऊन सांगितलं. कडी वर हलवून घेतली, तर पोरीने पाटी पालथी घालून त्यावर पाय दिला. शेजारची मनुबाई म्हणाली, भीती घाला, भीतीशिवाय पोर अंथरुणात राहत नाही. म्हणून सुलाबाईने विहिरीवर रात्री हडळ बसते असं सांगितलं, केस कसे, पाय कसे, सगळं नीट सांगितलं. सांगता सांगता तिलाच इतकं भ्या वाटलं की ती स्वतः विहिरीवर सांजेचं पाणी आणायला जाईना. हरणा त्या रात्री जरा उशिरा आली. विहिरीवर कुणी नाही, आपण दोनदा हाक मारून बघितली, असं तिने सगळ्यांना सांगितलं.

नानाचा उपाय त्याच्या धंद्यातला होता. त्याने संध्याकाळीच वाटीभर गरम गूळ घरी पाठवायला सुरुवात केली. पोट भरलं की पोर निजेल, असा हिशोब. वाटी तशीच राहायची आणि पोर यायची. आली की नाना कांडी हातात द्यायचा. शिवाय जाळाजवळ येऊ नये म्हणून त्याने राखेची रेघ ओढून दिली होती आणि रेघेच्या पलीकडे बसायचं असं बजावलं होतं. हरणा रेघेला पाय लावत नसे. बसून नानाकडे बघत राहायची, आणि रहिमानला मोकळं व्हायला सवड झाली की त्याच्या खांद्यावर बसून घरी जायची. असे पंधरा दिवस गेले. येणाराजाणारा हसायचा, आणि खरं सांगायचं तर नानालाही ते गोड वाटत होतं.

सुलाबाईला वाटत नव्हतं. एका दुपारी ती भाकरी घेऊन आली आणि सासऱ्यासमोर कधी उभी राहत नसे तशी उभी राहिली. ती म्हणाली, "मामंजी, तुमी देता म्हणून ती येती. एकडाव देऊ नगा. आपसूक ऱ्हाईल घरात."

येणाऱ्याला नाही म्हणायचं आपल्याला ठाऊक नाही, असं नानाने सांगितलं. आणि चार महिन्यांचा तर प्रश्न आहे, शिमगा झाला की आपण घरीच आहोत.

"आन तवर काय झालं तर?" सुलाबाई म्हणाली. "हिर हाय, काहील हाय. काय झालं तर तिकडं पत्तर कोण लिवनार? तुमी का मी?"

आधण उकळीला आलं होतं, म्हणून नाना उठून रसावर आलेली मळी काढायला लागला. सुलाबाई भाकरी ठेवून गेली. तिचं बोलणं त्याला दिवसभर टोचत राहिलं, तरी रात्री पोर आली तेव्हा त्याने कांडी दिली.

मग ती रात्र आली. काहील उतरवतात म्हणजे दोन्ही बाजूंनी दांडे अडकवून सहा माणसं ती उचलतात आणि दहा पावलांवर गूळ गार करायच्या वाफ्यात ओततात. त्या दहा पावलांत कुणी बोलत नाही, खोकतसुद्धा नाही. नाना "उतरवा" म्हणाला, माणसांनी काहील उचलली, आणि नेमकी तेव्हा हरणा आली. रोज नाना रेघेसमोर असायचा. आज तो वाफ्याच्या पलीकडे पाठमोरा उभा होता. आजा जागेवर दिसला नाही म्हणून पोर रेघ ओलांडून त्याच्याकडे पळाली, सरळ काहिलीखालून.

रहिमान उतरवायला खड्ड्यातून वर येऊन डाव्या दांड्याला लागला होता. त्याने दांडा सोडला आणि पोरीला लाथेने बाजूला लोटलं. वाकून हात घालायला सवडच नव्हती. काहील त्याच्या बाजूला कलली आणि पाक त्याच्या पायावर, पिंढरीपर्यंत आला. अंगावर पडलेला पाक झटकता येत नाही, तो चिकटून बसतो. रहिमानने पाय पाण्याच्या टाकीत घातला आणि कठड्याला धरून म्हणाला, "आदी पोर बगा."

पोरीला काही झालं नव्हतं. लाथ लागली म्हणून रडत होती. नानाने तिला उचललं, तिचे हात, पाय, तोंड चाचपून बघितलं, परत बघितलं. अर्धं आधण मातीत गेलं होतं. तिकडे कुणी बघतही नव्हतं.

ऊस लालासाहेबांचा होता, गुऱ्हाळही त्यांचंच. ते सकाळी आले, रहिमानच्या घरी जाऊन बसले, वैद्याला बोलावून लेप लावायला लावला. नानाला ते एक अक्षर बोलले नाहीत. बोलले असते तर नानाला बरं वाटलं असतं. तो दिवसभर जेवला नाही, आणि दिवस मावळताना त्याने मनाशी ठरवलं ते ठरवलं.

त्या रात्री सगळ्यांनाच माहीत होतं की आज काहीतरी होणार. जाळ घालायला दुसरा माणूस होता, तोही खड्ड्यातून मान वर काढून बघत होता. सुलाबाईने पोरीला दोन्ही हातांनी कवटाळून निजवलं होतं. तिला झोप लागेपर्यंत त्याचा उपयोग झाला. हरणा आली आणि पुसट झालेल्या रेघेपाशी थांबली.

नानाने कांडी उचलली नाही. तो काहिलीकडे तोंड करूनच बोलला, कारण तोंडावर सांगणं त्याला झेपलं नसतं. "आज गूळ न्हाई. उद्याबी न्हाई. आता कवाच न्हाई. जा घरला."

चाळीस वर्षांत या जागी असं कुणाला कुणी म्हटलेलं नव्हतं. हरणाने जरा विचार केला.

"मला गूळ नगंच हाय," ती म्हणाली.

नाना वळला. "मग येतीस कशाला?"

"तुला न्यायला. हातरूण घातलंया. चल की."

गूळ तिने एकदाही खाल्ला नव्हता. रहिमानला दुसऱ्या दिवशी विचारलं तेव्हा त्याने कबूल केलं. खांद्यावर बसली की ती कांडी त्याच्या तोंडाशी धरायची. वीस वर्षं गुळाच्या वाफेत काढलेल्या माणसाला गुळाचा वाससुद्धा नको होता, पण पोरीचं मन मोडू नये म्हणून त्याने रोज तो खाल्ला होता. नानाला वाटायचं पोर गुळाला चटावली. सुलाबाईलाही तेच वाटायचं, आणि गावालाही. गुऱ्हाळावर माणूस येतो तो गुळासाठी येतो, हे तिथल्या माणसांना इतकं पक्कं ठाऊक होतं की पोरीला विचारावं असं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. आपल्यासाठी कुणी दोन मळे तुडवत येईल हे नानाच्या तर मुळीच नाही. हरणाबाई गेल्यापासून त्याला कुणी चल म्हटलं नव्हतं. त्याला फार वाईट वाटलं. पाक उकळत होता म्हणून तो तिथे उभा राहिला, नाहीतर बसला असता.

आधण उतरल्यावर येतो, असं त्याने सांगितलं. ती थांबली. आधण उतरलं, आणि नाना तिला कडेवर घेऊन घरी गेला, ती निजेपर्यंत बसला आणि परत आला. पोरीला नाही म्हणून सांगितलेल्या त्या आधणाचा गूळ हंगामात सगळ्यात चांगला निघाला. पिवळाधमक, कणीदार. लालासाहेबांनी खडा तोंडात टाकून वाहवा केली.

पुढे त्याने तोड काढली. काहिलीत ताजा रस भरला की पहिला तासदीड तास नुसता जाळ घालायचा आणि मळी काढायची असते. ते काम कुणीही करतं. तेवढ्या वेळात नाना घरी जायचा, पोरीजवळ पडायचा, ती निजली की उठून यायचा. चार रात्री हे छान चाललं. हरणा अंथरुणातून उठली नाही. सुलाबाईने मनुबाईला सांगितलं की मामंजींना अखेर सुचलं, आणि हडळ विहिरीवरून उठल्याचंही तिने जाहीर केलं.

पाचव्या रात्री नाना वाकळेत शिरला. बाहेर थंडी मी म्हणत होती. साठी उलटलेलं शरीर, चाळीस हंगामांची तुटकतुटक झोप, आणि हंगामात कधी न मिळालेली घरची वाकळ. पोर निजायच्या आधी तो निजला.

इकडे पाक फुगायला लागला तसा जाळवाल्याने नानाला बोलवायला एक माणूस पाठवला. त्याने दाराशी येऊन हाक मारली. दार हरणाने उघडलं. "आजा निजलाय," तिने सांगितलं आणि कडी लावली. तिला कडी उघडता येते तशी लावताही येते हे त्या रात्री कळलं. त्या माणसाला काय करावं कळेना. हंगामात घरी निजलेला गुळव्या त्याने ऐकलासुद्धा नव्हता, आणि निजलेल्या नानाला उठवण्याची छाती माळवाडीत कुणाची नव्हती. आपली हाक ऐकली असेल, येतीलच, असं म्हणून तो परत गेला.

काहिलीभोवती सहा माणसं दांडे घेऊन उभी राहिली. पाक तांबडा झाला, मग काळपट झाला. करपतोय हे सहाही जणांना दिसत होतं. पण नाना म्हटल्याशिवाय हात लावायचा नाही हे नानानेच त्यांना शिकवलेलं, आणि ते सगळे शिकवलेलं पाळणारे होते. सगळं आधण जळेपर्यंत त्यांनी ते पाळलं.

नानाला जाग आली ती दिवस वर आल्यावर. हरणा त्याच्या दंडावर डोकं ठेवून झोपली होती. सुलाबाई चुलीपाशी होती. मामंजींना उठवावं की नाही हे तिला पहाटेपासून ठरवता आलं नव्हतं. नाना उठला, मळ्यात गेला, काहिलीतला काळा गोळा बघितला, त्याचा खडा मोडून जिभेवर ठेवला आणि थुंकला.

गावाने कारण केव्हाच शोधून काढलं होतं. नानाने गुऱ्हाळावर आलेल्याला नाही म्हटलं, त्याचं हे फळ. मधल्या चार रात्रींचा गूळ कसा काय बसला, असं कुणी विचारलं नाही. नानाला खरं कारण माहीत होतं. तो निजला होता.

लालासाहेब आले तेव्हा तो काहील घासत बसला होता. लालासाहेब त्याच्या लेकाच्या वयाचे. त्यांनी उभ्याउभ्याच विषय मिटवून टाकला. चाळीस वर्षांत एक आधण जळलं, त्याचं काय एवढं. आजपासून पोरीला मनुबाईकडे निजवा आणि तुम्ही चुलाण सोडू नका, म्हणजे झालं.

नानाने हात धुतले. "लालासाहेब, दिसाची दोन आदनं मी काढीन," तो म्हणाला. "रातीची न्हाई काढनार."

"का वो नाना? गावाचं बोलनं लागलं काय?"

"न्हाई. मी रातीचा घरी असनार."

लालासाहेबांना वाटलं म्हातारा खचला. गावालाही तसंच वाटलं, आणि नानाने कुणाचाही गैरसमज दूर केला नाही. रात्रीसाठी नदीपलीकडून आकाराम नावाचा गुळव्या आणला. तरुण होता, हुशार होता, आणि पाक बोटांत वळण्याऐवजी डावावरून गळणारी तार बघायचा. सांगलीच्या पेठेतले आडते ढेप फोडली की सांगायचे, ही माळवाडीची दिवसाची आणि ही रात्रीची. रात्रीची किंचित तांबूस असायची. हे पेठेतून गावात यायचं आणि गावातून नानाच्या कानावर. ऐकल्यावर त्याला भाकरी गोड लागत नसे. रहिमान शिमग्याच्या तोंडावर लंगडत कामावर आला, तेव्हा त्यानेही पहिली गोष्ट हीच विचारली की रातीचा गूळ असा का.

दिवस मावळला की नाना हात धुऊन घरी यायचा. जेवण झालं की वाकळ अंथरायचा. हरणा त्याच्या बंडीची कड मुठीत धरायची आणि पाठ टेकल्याबरोबर झोपायची, इतकी सहज की हिच्यासाठी एवढं रामायण झालं हे खरं वाटू नये. नाना जागा असायचा. मग वाऱ्यावर पाकाचा वास यायचा. वासावरून त्याला आधण कुठवर आलंय ते कळायचं. आता मळी सुटली. आता तार आली. आता झाला, उतरवा. आणि वास तसाच येत राहायचा, गडद होत जायचा, कारण तिकडे आकाराम अजून तारच बघत असायचा. नानाच्या अंगाला घाम फुटायचा. दोन मळे तर होते मधे, हाक मारली तरी ऐकू गेली असती. तो कोपरावर उठायचा, पाय वाकळेबाहेर काढायचा.

मग बंडीला ओढ बसायची. डोळे न उघडताच हरणा म्हणायची, "आजा, पड गप."

आणि नाना पडून राहायचा.